पणजीतली एक रात्र आणि काजूच्या बोंडूचा मान

एप्रिलमध्ये सावंतवाडीहून पणजीकडे निघालं की बांद्यापर्यंत एक वास सोबत येतो. गोडसर, आंबूस, थोडा उग्र. पिकलेल्या काजूच्या बोंडूंचा हा वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, झाडाखाली पाचोळा आणि त्या पाचोळ्यात पिवळे, तांबडे बोंडू पडलेले. प्रत्येकाच्या टोकाची बी पिळून काढून घेतलेली. बी गोणीत जाते, गोणी कारखान्यात. बोंडू तिथेच राहतो. पुढे पत्रादेवीला गोव्याची हद्द सुरू होते. माती तीच, झाड तेच, वासही तोच. पण हद्दीपलीकडे हा बोंडू कोणी मातीत टाकून देत नाही. तो टोपल्यांत भरला जातो आणि भट्टीवर जातो.

पणजीतल्या एका कॉकटेल बारमधल्या रात्रीची हकिगत सांगताना मी या रस्त्यापासून सुरुवात करतो, कारण त्या रात्री आमच्या पेल्यात जे होतं ते याच झाडांवरून आलं होतं. बरोबर वेंगुर्ल्याचा एक मित्र होता. बापाने लावलेली काजूची बाग तो सांभाळतो. बाग बहुतेक वेंगुर्ला संशोधन केंद्राच्या कलमांची, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. एक बी आठ-दहा ग्रॅम भरते आणि तिच्यामागचा बोंडू तिच्या पाच ते आठ पट वजनाचा असतो. म्हणजे बागायतदार जे विकतो त्याच्या कितीतरी पट माल तो झाडाखाली सोडून देतो. हे गणित मित्राला पाठ आहे. पणजीत अलीकडे फेणीची कॉकटेलं देणारे बार निघाले आहेत, हे त्याने ऐकलं होतं, आणि त्याला ते डोळ्यांनी बघायचं होतं. मला पणजी बघायची होती, रात्रीची. दोघांनीही गाडी घरी ठेवली आणि सावंतवाडीहून बस धरली. प्यायला जायचं तर गाडी न्यायची नाही, हा आमच्यातला नियम जुना आहे.

पर्वरीचा चढ संपला की खाली मांडवी दिसते. २०१९ साली सुरू झालेल्या अटल सेतूवरून बस शहरात उतरते तेव्हा डावीकडे खाडीतली मिठागरं आणि खारफुटी, उजवीकडे नदीत नांगरलेली कॅसिनोची जहाजं, आणि समोर आल्तिनोच्या टेकडीला टेकून बसलेलं शहर. पाहुणे पणजीत येतात ते बहुतेक त्या जहाजांसाठी. आम्ही बसस्थानकावर उतरलो आणि उलट्या बाजूला वळलो. पाट्टोवरून ओरें खाडीवरचा पूल ओलांडला की पाच-दहा मिनिटांत फोंतेन्यास लागतं.

फोंतेन्यास म्हणजे टेकडी आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेला जुना वाडा. अठराव्या शतकाच्या शेवटी इथे माडांची बाग होती. १८४३ साली पोर्तुगीजांनी राजधानी अधिकृतपणे पणजीला आणली, कारकून, वकील, व्यापारी इथे राहायला आले आणि बागेची वस्ती झाली. घरं रस्त्याला चिकटून उभी. भिंती गडद निळ्या, पिवळ्या, विटकरी. खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या, माथ्यावर मंगलोरी कौलं, दारापुढे बसायला बाक. पावसाळा संपला की घरं रंगवायची ही पोर्तुगीज काळापासूनची रीत, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवायचा हीसुद्धा. गल्लीच्या टोकाला सेंट सेबास्त्यनचं छोटं चॅपेल आहे. तिथला क्रूस एके काळी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. ज्यांच्यावर त्या न्यायासनापुढे उभं राहायची वेळ आली, त्यांनी हेच डोळे पाहिले असतील. इतका इतिहास उशाशी घेऊन ही गल्ली रोज संध्याकाळी अगदी घरगुती होते. कोणी बाकावर बसून मासळीचा भाव सांगत असतं, कोणी पाव विकणाऱ्या पोईवाल्याच्या सायकलची वाट पाहत असतं.

बार याच भागात, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. बाहेरून घरच वाटावं असा. आत उंच छत, जुनी नक्षीदार फरशी, लाकडी काउंटर आणि त्यापुढे थोडी उंच स्टुलं. काउंटरमागच्या फळीवर व्हिस्कीच्या ओळखीच्या बाटल्या होत्या, पण मधली जागा त्यांना नव्हती. मध्ये होते काचेचे फुगीर बुधले, वेताच्या जाळीत बसवलेले, गोव्यात गॅराफांव म्हणतात ते. प्रत्येकाच्या गळ्यात कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर खडूसारख्या पांढऱ्या शाईने गावाचं नाव, तालुक्याचं नाव, हंगामाचं वर्ष. रेकॉर्डवर गायिका लॉर्ना गात होती. ख्रिस पेरीच्या चालीतली ती जुनी कोकणी गाणी आज साठी-सत्तरीत असलेल्या गोंयकारांना पाठ असतात, आणि त्या बारमध्ये विशीतली मुलंही त्यांवर मान डोलवत होती.

काउंटरमागे एक तरुण मुलगी होती. सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्या बाजूची. सत्तरी म्हणजे गोव्यातला काजूचा मुलूख, आणि तिच्या मामाची तिथे भट्टी. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे आमच्याशी मराठीतच बोलत होती. मित्र मात्र सुरुवातीपासून मालवणीवर उतरला, आणि ती ते सगळं विनासायास समजत होती. तिने बारटेंडिंगचं रीतसर शिक्षण घेतलं आहे. घरी विरोध झाला का, असं विचारल्यावर म्हणाली, “फेणी आमच्या घरात कायमच होती काका. आजी भट्टीवर उभी राहायची. मी काउंटरवर उभी राहते. फरक एवढाच.”

बारमागे बाई उभी असणं हे आपल्या देशात सहज घडलेलं नाही. मुंबईत शतभी बसू यांनी १९८० च्या दशकात हे काम हातात घेतलं तेव्हा देशात दुसरी स्त्री या पेशात शोधून सापडत नव्हती. पुढे त्यांनी बारटेंडिंग शिकवणारी संस्थाही उभी केली. दिल्लीत तर मद्य दिलं जातं त्या जागी स्त्रियांना नोकरीवर ठेवायलाच कायद्याने मनाई होती. ती मनाई सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली घटनाबाह्य ठरवली. स्त्रीचं रक्षण करायचं म्हणून तिचं काम काढून घेऊ नका, तिला काम करता येईल अशी सुरक्षित जागा द्या, असा त्या निकालाचा आशय. वाळपईची ही मुलगी तिच्या काउंटरवर ज्या निवांतपणे वावरत होती, तो निवांतपणा असा मिळवलेला आहे.

“कितें जाय?” तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, “एप्रिल आहे. आधी उर्राक.”

उर्राक ही काजूच्या रसाची पहिली धार. हंगामात, म्हणजे मार्च ते मे, तेवढीच मिळते. तिच्यात मद्यार्क साधारण पंधरा टक्के. ती टिकत नाही, म्हणून दूरही जात नाही. उर्राक प्यायची तर उन्हाळ्यात गोव्यात यावं लागतं. गोव्यातली रीत अशी की मोठ्या पेल्यात बर्फ, त्यावर उर्राक, लिंबाचं सोडापेय, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. या मुलीने बाटलीतलं गोड पेय घेतलं नाही. ताजं लिंबू पिळलं, थोडा साखरेचा पाक घातला, सोडा ओतला, पेल्याच्या काठाला मीठ लावलं आणि मिरची हातात घेऊन एकदा टिचकी मारली. मिरचीचा वास सुटला पाहिजे, तिखटपणा उतरायला नको, असं तिचं म्हणणं. पहिला घोट घेतला आणि आधी मिरचीचा हिरवा वास आला, मग लिंबू, मग अगदी शेवटी तो बांद्याच्या रस्त्यावरचा वास. पण इथे तो धुऊन, गाळून, थंड करून समोर ठेवलेला. मित्र बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ह्यां सगळां आमच्याकडे झाडाखाली कुसतां, बाय. बी काढून घेतंव आणि बोंडू टाकून देतंव.”

त्या वाक्याने ती मुलगी खुलली. गर्दी अजून झाली नव्हती, म्हणून तिने भट्टीची सगळी रीत आम्हाला सांगितली. बोंडू झाडावरून काढायचा नाही, खाली पडेल तेव्हाच उचलायचा. पडला म्हणजे पूर्ण पिकला. सकाळी गोळा केलेला बोंडू त्याच दिवशी मळावा लागतो, कारण हे फळ एका दिवसात आंबायला लागतं. पूर्वी कातळात कोरलेल्या कोळमीत पायाने तुडवून रस काढत, आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलं आहे. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्यावर जड दगड ठेवला की जो रस आपोआप झिरपतो तो नीरो. तो गोड, ताजा, मद्य नसलेला. मुलंही पितात. तुडवताना निघालेला रस मडक्यांत भरून दोन-तीन दिवस ठेवायचा. त्यात यीस्ट घालत नाहीत, साखर घालत नाहीत. हवेतलं आणि फळावरचं असतं तेवढंच काम करतं. मग तांब्याच्या भांड्याखाली लाकडं पेटवायची, वाफ नळीतून मातीच्या मडक्यात उतरवायची आणि त्या मडक्यावर सतत पाणी ओतत राहायचं. पहिली धार उर्राक. उर्राकमध्ये पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा धार काढली की फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. मामा अजून बाटली हलवून वर येणाऱ्या बुडबुड्यांकडे बघून धार कितपत कडक आहे ते ओळखतो, असं तिने सांगितलं. ग्राव, म्हणजे धारेचा कडकपणा, मोजायचं काचेचं यंत्र त्याच्याकडे आहे. पण ते तो आबकारी खात्यासाठी वापरतो, स्वतःसाठी डोळा.

या सांगण्यातून मला एक गोष्ट लख्ख उमगली. फळ एका दिवसात नासतं, म्हणून फेणी आहे. संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असलेलं हे फळ घशाला खवखवतं, बाजारापर्यंत पोचत नाही, पेटीत भरता येत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून हे झाड इथे आणलं. माडाच्या सुरेपासून फेणी गाळायची विद्या गोव्याच्या रेंदेरांकडे, म्हणजे सूर काढणाऱ्यांकडे, होतीच. त्या जुन्या विद्येत नवं फळ बसलं. झाड बाहेरून आलं, हुन्नर घरचा होता. नाशवंत मालाची किंमत टिकवायचा शेतकऱ्याने शोधलेला हा उपाय होता.

नंतर तिने दोन लहान पेल्यांत थोडी थोडी नितळ फेणी ओतली. एकात काजूची, दुसऱ्यात माडाची. “आधी तळहातावर एक थेंब चोळा,” ती म्हणाली. स्पिरिट उडून जातं आणि हातावर मागे राहतो तो खरा वास. काजूच्या फेणीचा वास दांडगा. त्यात पिकलेलं फळ आहे, थोडी आंबट साल आहे आणि थोडा धूर. माडाची फेणी त्यामानाने मऊ. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ बसले होते. याच वाड्यात जन्मलेले, रोज संध्याकाळी येऊन एकच पेला फेणी घेणारे. सगळे त्यांना बाब म्हणत होते. आमचं हात चोळणं बघून ते हसले आणि म्हणाले, “आमच्या तेंपार कॉकटेल-बिकटेल कांय नासलें. फेणी आनी उदक.” मग मराठीत सांगू लागले. जुन्या तावेर्नात, म्हणजे गुत्त्यात, फेणी पिपातून येई आणि गिऱ्हाईक वासावरून गाव ओळखी. पुढे स्वस्त स्पिरिट मिसळलेला माल बाजारात आला, वास बिघडला, आणि फेणीचं नाव बिघडलं. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्यांनी पाहुण्यांसमोर व्हिस्की ठेवली होती, कारण फेणी ठेवणं कमीपणाचं वाटलं असतं. “आता नातू येतो आणि मला इथे घेऊन बसतो,” ते म्हणाले. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

कायद्यानेही फेणीला बराच काळ खालच्याच पायरीवर ठेवलं होतं. ती देशी दारूच्या यादीत होती, त्यामुळे गोव्याबाहेर ताठ मानेने जाऊ शकत नव्हती. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ साली गोवा सरकारने आबकारी कायद्यात बदल करून तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, आणि २०२१ साली फेणीसाठी वेगळं धोरण आणलं. कागदावरचा हा मान पेल्यापर्यंत आणण्याचं काम मात्र अशा बारांनी केलं. ब्राझीलमध्ये उसाच्या रसाच्या काशासाचं असंच झालं. शेतमजुरांचं पेय म्हणून ती हिणवली जात होती. लिंबू, साखर आणि काशासा एवढ्याच तीन गोष्टींचं कायपिरिन्या नावाचं कॉकटेल जगभरच्या बारांत गेलं, आणि २०१३ साली अमेरिकेनेही काशासाला ब्राझीलचं स्वतंत्र पेय म्हणून मान्यता दिली. ज्या देशातून काजू आपल्याकडे आला त्याच देशाने घालून दिलेला हा धडा आहे.

रात्र चढली तशी स्टुलं भरली. तेव्हा मुलीने रात्रीचं तिचं खास कॉकटेल केलं. साठ मिली काजू फेणी, त्याच्या निम्मा लिंबाचा रस, जवळजवळ तेवढाच गुळाचा पाक आणि आमसुलाचं दाट पाणी. धातूच्या शेकरमध्ये हे सगळं बर्फावर ओतून तिने तो खांद्याजवळ धरला आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवला. आंबट रस असलेलं पेय हलवायचं, नुसत्या मद्याचं असेल तर चमच्याने ढवळायचं, हा या कामाचा पहिला नियम. हलवल्याने पेय शून्याखाली थंड होतं, त्यात बारीक हवा शिरते आणि बर्फाचं पाणी मिसळतं. तयार पेल्यात जवळजवळ चौथा हिस्सा पाणी असतं, आणि ते चवीसाठी लागतंच. पाणी मिसळलं नाही तर फेणीचा वास नाकात एकदम घुसतो. पाणी मिसळलं की तो उलगडतो. मग दुहेरी गाळणीतून तिने ते थंड पेल्यात उतरवलं. रंग रातांब्याच्या सालीचा. चवीला आधी आमसूल, मग गूळ, आणि घोट उतरल्यावर काजू. फेणीचा वास कशाखाली झाकायचा प्रयत्न तिने केला नव्हता. इतर चवी अशा लावल्या होत्या की फेणी नीट ऐकू यावी.

आमसूल, गूळ, लिंबू, काजू. चारही कोकणातले. पेल्यातली एकही वस्तू अशी नव्हती जी माझ्या मित्राच्या परड्यात सापडत नाही. आणि तरी हा पेला त्याच्या गावात भरला जात नाही.

इथे महाराष्ट्राचं बोलायला हवं. आमच्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. परमिट रूमच्या पाट्या त्याच कायद्याची आठवण आहेत, मद्य पिण्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि स्पिरिटसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं. तो कायदा झाला तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. १९६१ साली गोवा मुक्त झाला तो आपली वेगळी रीत घेऊन. म्हणून हद्दीजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर बाटल्या शोधल्या जातात. नाक्याच्या पलीकडे जो हुन्नर, तो अलीकडे गुन्हा. मित्र म्हणतो, बोंडूचं सरबत आम्ही करतो, पाक करतो, पण त्यात खपतो किती? बाकीचा गुरांपुढे, नाहीतर मातीत.

दारूचं दुःख मला माहीत नाही असं नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती तिथल्या बायकांनी लढून मिळवली. उभी बाटली की आडवी बाटली, अशा मतदानाला महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांतल्या बाया उन्हात रांगा लावून उभ्या राहिल्या आणि गावातलं दुकान बंद करून घरी गेल्या. त्यांच्या अनुभवापुढे कुठल्याही बारचं कौतुक लहानच आहे. त्याच महाराष्ट्रात २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. त्या दारूला गाव नव्हतं, गाळणाऱ्याचं नाव नव्हतं, तपासणी नव्हती. मिथेनॉल मिसळलेलं काहीतरी पिशव्यांतून गरिबाच्या हातात पडलं. पणजीच्या बारमध्ये बुधल्याच्या गळ्यातली ती चिठ्ठी मला म्हणून मोलाची वाटली. गाव लिहिलं की जबाबदारी आली. कोणत्या भट्टीवर, कोणत्या हंगामात, किती धारेची, हे उघड लिहून विकलेलं पेय आणि अंधारात विकलेली दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींना एकाच शब्दात बांधलं की नुकसान प्रामाणिक माणसाचं होतं.

त्या बारची आणखी एक रीत मला आवडली. प्रत्येक पेल्याबरोबर न मागता पाण्याचा पेला येत होता, आणि खायला काहीतरी घ्याच असा आग्रह होता. आम्ही चोरिस-पाव घेतला, रव्यातली कोळंबी घेतली. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. त्यातली आई पीत नव्हती, तर तिच्यासाठी थंड नीरो आला, मीठ आणि जिरेपूड लावलेल्या पेल्यात, तितक्याच निगुतीने. मित्राने तिसरं कॉकटेल मागितलं तेव्हा मुलीने हसून त्याच्यापुढेही नीरोच ठेवला. “काका, फेणी उद्याही आहे. हा उद्या नसेल,” ती म्हणाली. आजच्या रसाचा उद्या नीरो राहत नाही, तो आंबतो. मित्राने तो एका दमात संपवला. मला विचाराल तर त्या रात्रीतलं सगळ्यांत चांगलं पेय तेच होतं.

निघताना मित्राने काउंटरवर दोन्ही हात ठेवून तिला मळणीचं यंत्र कुठलं, भांडं कुठल्या तांबटाकडून आणलं, एका भांड्याला किती बोंडू लागतात, सगळं विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं. तिने मामाचा पत्ता सांगितला आणि हंगाम संपायच्या आत या म्हणाली. बाबने “देव बरें करूं” म्हणत हात उंचावला. आम्ही चालत पाहुणघरी गेलो. सकाळी फोंतेन्यासच्या चढावरून खाली येताना पोईवाला भेटला, गरम पोई घेतली आणि कदंबच्या बसने परतलो. इन्सुलीला बस थांबली, पिशव्या तपासल्या गेल्या. आमच्याकडे पोई आणि मित्राची वही होती.

गोव्याला जाणाऱ्या मराठी माणसाला माझं सांगणं असं. समुद्र आहेच, तो कुठेही जात नाही. मार्च ते मे यांमध्ये गेलात तर एक संध्याकाळ पणजीसाठी ठेवा, फोंतेन्यासमधून चालत फिरा, आणि वय आणि तब्येत यांचा विचार करून जमत असेल तर एक पेला उर्राक घ्या. एकच पुरे. गाडी नेऊ नका. फेणी घेताना ती कुठल्या गावची आहे हे विचारा, कारण हा प्रश्न गिऱ्हाईक विचारू लागलं की भेसळ करणाऱ्याचं अवघड होतं आणि भट्टीवाल्याला दाम मिळतो. पीत नसाल तर नीरो मागा. आणि महाराष्ट्रात ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांना एक विनंती. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बोंडूला कायद्याने, तपासणीने, गावाच्या नावासह, सहकारी तत्त्वावर बाजारात यायची वाट द्या. या विषयावरची चर्चा अनेक वर्षं चालू आहे. फळ मात्र एका दिवसात नासतं.